पर्णाभ अर्बुद, स्तनातील
स्तनात आढळणारे एक विरळा अर्बुद (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे निर्माण झालेली गाठ). स्तनाच्या सर्व अर्बुदांत याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी असते. दुग्धनलिकांचे अस्तर व त्याभोवतीचे संयोजी (आधार देणारे) ऊतक हे दोन्ही घटक त्यात असतात. रोगाचे भवितव्य मात्र मुख्यतः संयोजी ऊतकावर अवलंबून असते. ४० ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांत ते विशेषेकरून उद्‌भवते.

जर्मन शारीरक्रियावैज्ञानिक योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये त्याचे वर्णन करून ‘सिस्टोसार्कोमा फायलोड्‌स’ असे नाव दिले. कापलेल्या गाठीतील द्रवयुक्त पोकळ्या, मांसल भाग व पोकळ्यांत शिरलेले पानांसारखे पदर यांवरून हे नाव योजिले गेले. ‘सार्कोमा’ म्हणजे मांसल, एवढाच अर्थ म्यूलर यांना अभिप्रेत होता; अर्बुद निरुपद्रवी आहे, असे त्यांचे मत होते. पुढे हा शब्द संयोजी ऊतकाच्या मारक अर्बुदासाठी रूढ झाल्याने मूळ नाव दिशाभूल करणारे ठरले.

तथापि म्यूलर यांचे मतही सर्वस्वी टिकले नाही. कूपर व ॲकरमन यांनी १९४३ मध्ये या अर्बुदाच्या मारक प्रकाराकडे लक्ष वेधले. ट्रीव्हझ व संडरलंड यांनी १९५१ मध्ये ७७, तर नॉरिस व टेलर यांनी १९६७ मध्ये ९४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून कोशिकाविभाजनाचे प्रमाण, संयोजी ऊतकाची अतिवाढ व गाठीची कडा यांचे महत्त्व स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये ‘फायलोड्‌स अर्बुद’ हे नाव स्वीकारले. त्याचे साधे, सीमावर्ती व मारक असे तीन प्रकार मानतात.

दूरवर प्रक्षेप (मूळ जागेपासून अन्यत्र प्रसार) प्रामुख्याने मारक प्रकारात व तोही थोड्याच रुग्णांत होतो. तो रक्तावाटे बहुधा फुप्फुसांत व त्याखालोखाल हाडांत पोहोचतो. प्रक्षेपित गाठीत सामान्यतः केवळ संयोजी घटकच आढळतो. काखेतील लसीका ग्रंथींत प्रसार क्वचितच होत असल्याने त्या काढण्याची सहसा गरज नसते. सभोवतालच्या निरोगी ऊतकासह गाठ संपूर्ण काढणे हा मुख्य उपचार होय. ती अपुरी काढल्यास त्याच जागी पुन्हा उद्‌भवू शकते. सूक्ष्मदर्शकीय स्वरूपावरून प्रत्येक गाठीचे वर्तन निश्चित सांगता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाची नियमित तपासणी आवश्यक असते. [⟶ कर्करोग].