जुन्या गिटारचे मोल

सन १९७०. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी 'शो-बड' या वाद्यांच्या दुकानात फेंडर कंपनीच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी स्वस्तात मिळत होत्या. इंग्लिश वादक एरिक क्लॅप्टनने सहा घेतल्या. जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवूड या मित्रांना एकेक दिली; उरलेल्या तिन्हींचे उत्तम भाग जुळवून एक काळी गिटार सिद्ध केली. तीच 'ब्लॅकी'.

२००४ साली अँटिग्वातील व्यसनमुक्ती केंद्राच्या साहाय्यार्थ न्यूयॉर्कमध्ये तिचा लिलाव झाला. ती विकली गेली ९,५९,५०० डॉलरना. घेणारी कोण? 'गिटार सेंटर', वाद्यविक्रीचीच दुकानसाखळी!

मूळ भाग बदललेल्या वाद्याची किंमत संग्राहक एरवी पाडतात. ब्लॅकी तर तीन वाद्यांची जुळणी. पण तिचा भाव ठरवला तो वाजवणाऱ्या हातांनी.