दारातलं गाणं : इंग्लंडमधल्या कॅरल-फेरीचा इतिहास



डिसेंबर उजाडला की नाताळची गाणी कानावर पडू लागतात. दुकानांत, रेडिओवर, मोबाइलवर. ती गोड आहेत, आणि ती आवडण्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. परंतु आज मला त्यांच्या गोडव्यापेक्षा त्यांच्या जागेबद्दल बोलायचं आहे. ही गाणी मुळात गायली कुठे जात होती? त्यांतली बरीचशी दुसऱ्याच्या दारात उभं राहून गायली जात. मग प्रश्न येतो : कुणाच्या दारात कुणी गायचं, आणि दार उघडणाऱ्याने काय करायचं? आज आपण हा प्रश्न मुख्यतः इंग्लंडपुरता पाहू.

आधी शब्द पाहू. 'कॅरल' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे 'कॅरोल' म्हणजे हात धरून, फेर धरून, गात गात केलेला नाच. म्हणजे आपल्या भोंडल्याच्या जवळची गोष्ट. त्यात येशूचा जन्म असलाच पाहिजे असं नव्हतं. दुसरा शब्द 'वासेल'. त्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या शब्दांचा अर्थ 'निरोगी राहा' असा आहे. पुढे तो मसाला घातलेल्या गरम पेयाला आणि ते मागत केलेल्या फेरीलाही लागला. ऐन थंडीत गावातली कष्टकरी माणसं मोठा लाकडी वाडगा घेऊन जमीनदाराच्या दारात जायची, गायची, आणि वाडगा भरून घ्यायची.

या गाण्यांमध्ये काय असायचं, ते बघण्यासारखं आहे. ग्लॉस्टरशायरच्या प्रसिद्ध वासेल गाण्यात मालकाच्या घोड्याला आणि गायींना नावं घेऊन शुभेच्छा दिल्या आहेत. वाढप्याने उत्तम बियर आणली तर त्याला स्वर्ग, आणि पाणचट आणली तर त्याचं काही खरं नाही, असंही त्यात येतं! आपण सगळ्यांनी शाळेत कधीतरी ऐकलेल्या 'वुई विश यू अ मेरी ख्रिसमस'मध्येसुद्धा पुडिंगची मागणी आहे, आणि ते मिळाल्याशिवाय आम्ही हलणार नाही अशी प्रेमळ धमकी आहे.

आता ही भीक म्हणायची का? मराठी माणसाला हे लवकर समजावं. वासुदेव पहाटे दारात येतो, तेव्हा तो भिकारी नसतो. बलुतेदार आपलं बलुतं मागतो, तेव्हा तो उपकार मागत नाही. आणि शिमग्याच्या पोस्तात गंमत आणि दटावणी दोन्ही असतात. वासेल-फेरी याच जातीची होती. गाणारा आशीर्वाद देतो आणि त्याबदल्यात घेतो. देणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची सोय फारशी नाही, कारण मग आशीर्वादही मिळत नाही.

ही गोष्ट सर्वांना रुचली असं मात्र नाही. सतराव्या शतकात प्युरिटन पंथीयांचं म्हणणं असं, की बायबलमध्ये २५ डिसेंबर ही तारीखच नाही, हा सण कॅथलिकांचा अवशेष आहे, आणि वर त्यात दारू आणि दंगा. जून १६४७मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळचा सण रद्द केला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी कँटरबरीत दुकानं उघडायला लावली, तेव्हा लोक दंगलीवर आले. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला, आणि तो १६८१पर्यंत टिकला. इंग्लंडमध्ये १६६०ला राजा परत आला आणि सणही परत आला. पण गाण्यांना चर्चमध्ये लगेच जागा मिळाली असं नाही. १७००मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या स्तोत्रसंग्रहाच्या पुरवणीत मेंढपाळांवरचं 'व्हाइल शेपर्ड्स वॉच्ड' हे गीत आलं, आणि पुढे बराच काळ नाताळच्या अधिकृत गीताचा मान त्याच्याकडेच राहिला. बाकीची गाणी गावकऱ्यांच्या तोंडीच जगली.

या काळात खेड्यापाड्यांच्या चर्चमध्ये व्हायोलिन, क्लॅरिनेट वाजवणारी साधी माणसं असत. कुणी सुतार, कुणी चांभार. तीच मंडळी नाताळच्या रात्री घरोघर फिरून गात. एकोणिसाव्या शतकात सुधारक पाद्र्यांनी त्यांना बाजूला केलं आणि ऑर्गन आणला. थॉमस हार्डीची १८७२ची 'अंडर द ग्रीनवुड ट्री' ही कादंबरी याच बेदखलीची गोष्ट आहे. हार्डीचे वडील आणि आजोबा स्वतः असे चर्चमधले वादक होते. गंमत अशी, की शेफील्डच्या आसपासच्या गावांत ही हद्दपार झालेली गाणी मेली नाहीत, ती पबमध्ये जाऊन बसली. डंगवर्थ, स्टॅनिंग्टन अशा गावांत आजही नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत लोक दाटीवाटीने उभे राहून ती गातात. एकट्या 'व्हाइल शेपर्ड्स'लाच तिथे कितीतरी वेगवेगळ्या चाली आहेत.

त्याच शतकात आणखी एक गोष्ट घडली. शहरी, सुशिक्षित लोकांना वाटू लागलं की ही गाणी नाहीशी होणार. १८२२ला डेव्हिस गिल्बर्ट यांनी आणि १८३३ला विल्यम सँडिस नावाच्या वकिलाने संग्रह छापले. १८४३च्या डिसेंबरमध्ये डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' आलं. त्यातला एक लहान प्रसंग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. थंडीने गारठलेला एक मुलगा स्क्रूजच्या दाराच्या किल्लीच्या भोकाशी वाकून कॅरल म्हणू लागतो. स्क्रूज हातात रूळ घेतो, मुलगा पळून जातो. त्याच रात्री स्क्रूजला आपलं एकाकी बालपण दिसतं, आणि त्याला पहिली रुखरुख लागते ती या पोराची : त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. स्क्रूजच्या बदलाची सुरुवात इथे होते. दारात गाणं आलं होतं आणि दार उघडलं गेलं नाही, ही त्याची पहिली टोचणी.

पुढे गाणी सुरक्षित झाली. राल्फ व्हॉन विल्यम्स या संगीतकाराने १९०३ साली सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन गावी एका वृद्धाकडून एक लोकधून टिपून घेतली, आणि १९०६च्या 'द इंग्लिश हिम्नल'मध्ये ती 'ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम'ला दिली. स्वतः व्हॉन विल्यम्स श्रद्धाळू नव्हते, बरं का. श्रद्धेशिवाय या संगीतात रमता येतं का, या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. १९१८ला, महायुद्ध संपल्या-संपल्या, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये नऊ वाचनं आणि कॅरल्स अशी उपासना सुरू झाली. १९२८ला ती प्रथम रेडिओवर आली. संगीत म्हणून ती फार सुंदर आहे. पण रेडिओवरचं गाणं दार न ठोठावता घरात येतं. ते ऐकून कुणाला काही द्यावं लागत नाही.

इथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. वर्षातून एक दिवस वाडगा भरायचा आणि उरलेले ३६४ दिवस त्याच माणसाला राबवायचं, ही कसली समता? ती तर व्यवस्था टिकवण्याची युक्ती! हे बऱ्याच अंशी खरं आहे. बलुतेदारीचं गोडवं गाणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. मी जुन्या इंग्लंडकडे परत चला असं म्हणत नाही. परंतु त्या रिवाजात एक जाण होती, ती विषमतेबरोबर फेकून देण्यासारखी नाही. दारातल्या माणसाचं माझ्यावर काही देणं लागतं, आणि ते फेडायला मला उठून समोर जावं लागतं, त्याचं तोंड पाहावं लागतं. दयेला तोंड पाहावं लागत नाही. तिचं काम धनादेशानेही भागतं.

आपल्याकडे हे सगळं परकं नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ला गोव्यात आला. त्याच्या मायदेशात तेव्हा जेझुइटांना थारा नव्हता. त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली, आणि १६१६ला 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तिगीताला अभंगाचा आणि कीर्तनाचा सूर दिला. वसईत, मुंबईत, गोव्यात आजही नाताळाआधी तरुणांचे गट घरोघर गात फिरतात.

ते तुमच्या इमारतीत आले, तर दाराच्या भोकातून बघून गप्प बसू नका. दार उघडा, पूर्ण गाणं ऐका, आणि घरात असेल ते हातावर ठेवा. धर्म कोणता, हा विचार त्यानंतर करता येईल.