वैयक्तिक संकेतस्थळ: सुधारणा करताना काय जपावे?

एका व्यक्तीने स्वतःच्या नावाने चालवलेली साइट म्हणजे वैयक्तिक संकेतस्थळ. नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यातले मोसम नदीकाठचे नामपूर हे कांदा-डाळिंबाचे गाव. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या बागेची माहिती अशा साइटवर ठेवली, तर वाचणारे बहुतेक मोबाइलवरूनच येणार. म्हणून आधी फोटो हलके करावेत; पाच एमबीच्या फोटोसाठी कोणी थांबत नाही. कृतिदेव फॉन्टमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा. नाहीतर मोबाइलवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि मराठीत शोधणाऱ्याला ते पान सापडतच नाही.

हे बदल चालू साइटवर थेट करू नयेत. आधी फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घ्यावा. वर्डप्रेसमध्ये लेख डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे नुसत्या फाइल्स जपून भागत नाही. मग वेगळ्या प्रतीवर बदल तपासावेत.

खरे नुकसान होते ते पानाचा पत्ता बदलल्याने. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरलेली लिंक उघडली की ‘४०४’ दिसते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नका, असे लिहून ठेवले होते. तरीही पान हलवावेच लागले, तर जुन्या पत्त्यावर ‘३०१’ पुनर्निर्देशन लावावे. वाचक आपोआप नव्या पानावर पोहोचतो.