परक्या नावाचे लेबल

उल्हासनगरच्या मालावरील 'मेड इन यूएसए' या अक्षरांची टिंगल पुष्कळ झाली. ते यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्हीही अनेकदा सांगितला आहे, हे कबूल केले पाहिजे. त्यामागचा इतिहास मात्र हसण्याजोगा नाही.

दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. छावण्यांचे क्रमांक मात्र वस्त्यांना चिकटले ते चिकटलेच. कॅम्प ४ हा पत्ता आजही तसाच लिहितात. घरदार गमावलेल्या या माणसांनी पापड लाटले, कपडे शिवले, मिळेल तो धंदा केला. परदेशी मालाला दारे जवळजवळ बंद होती आणि परदेशी ते उत्तम, अशी आपणा सर्वांचीच समजूत होती. लेबल लावणाऱ्याचा दोष होताच. ते पाहून दोन पैसे अधिक मोजणाऱ्याचा नव्हता काय?

शेजारच्या अंबरनाथची गोष्ट नेमकी उलटी. १९२२ साली परदेशी काड्यापेट्यांवरील जकात वाढली, तेव्हा स्वीडिश भांडवलदारांनी १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली 'विम्को', स्थापन केली आणि अंबरनाथेत कारखाना घातला. नाव देशी, मालक परका! जागतिकीकरण १९९१ साली जन्मले असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

त्याच १९९१ च्या १ मे रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात बाजारपेठेची उपयुक्तता मान्य करूनही, बाजारात न भागणाऱ्या मानवी गरजांची आठवण दिली. २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधनेही उठली. खरा परदेशी माल फुटपाथवर आला आणि जुन्या लेबलाची मातब्बरी संपली.

जीन्सचा धंदा मात्र येथे फोफावला. लहान गाळ्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर नगावर शिवणकाम करीत. जितके नग तितके पैसे, आजारी पडला तर काही नाही. धुलाईचे रंगीत पाणी वालधुनीत जाई. २०१८ च्या सुमारास न्यायालयीन आदेशांनंतर धुलाई कारखान्यांचे वीज-पाणी तोडले गेले. नदीसाठी ते आवश्यकच होते. परंतु याकोबाने आपल्या पत्रात ज्या शेतमजुरांच्या अडवलेल्या मजुरीविषयी लिहिले, त्यांना निदान मालक तरी ठाऊक होता. नगावर काम करणाऱ्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. त्याने भरपाई मागावी ती कोणाच्या दारी?