अकरा शिलिंग

अर्स्किन चिल्डर्सच्या 'द रिडल ऑफ द सँड्स' (१९०३) या कादंबरीची नोंद वाङ्मयेतिहासात आद्य हेरकथांपैकी एक म्हणून होते. तिचा आरंभ मात्र बाजारहाटाने होतो, याकडे आपण वाचक फारसे लक्ष देत नाही. परराष्ट्र खात्यातील कॅरदर्सला बाल्टिकमधून मित्र डेव्हिसचे पत्र येते: ये, आणि येताना होकायंत्र, स्टोव्ह, डोलकाठीचे ताणे आवळायचे स्क्रू घेऊन ये. पावसाळी पोशाखाविषयी खास सूचना आहे. तो अकरा शिलिंगवालाच घ्यायचा, 'यॉटिंग'च्या नावाने विकला जाणारा नव्हे. कॅरदर्स लंडनभर हिंडून सारे जमवतो; पण नोकरचाकरांची यॉट अपेक्षून गेलेल्या या गृहस्थाची भलीमोठी बॅग डेव्हिसच्या होडीच्या दारातून आत जात नाही.

त्या एका सूचनेत इंग्रजी वर्गव्यवस्था नेमकी पकडली आहे, असे आम्हांस वाटते. जवसाचे तेल पाजलेले सुती कापड कोळ्याचे. तेच शिवण बदलून, नाव बदलून, किंमत वाढवून हौशी खलाशाचे.

चिल्डर्सच्या काळी हे जिन्नस दुकानोदुकानी शोधावे लागत. १९५५ पासून लंडनमध्ये 'डेली एक्सप्रेस'च्या पुरस्काराने नौकाप्रदर्शन भरू लागले, प्रथम ऑलिंपियात, १९६० पासून अर्ल्स कोर्टात. आणि दोरखंडापासून नांगरापर्यंत सारे एका छपराखाली आले. वेळ जानेवारीची, म्हणजे होड्या झाकून ठेवण्याची. शीड विकत घ्यायचे ते वारा अंगावर न घेता! १९६३ च्या जानेवारीत तर टेम्स नदी वरच्या भागात गोठली होती.

त्याच प्रदर्शनात प्रतिस्पर्धी 'डेली मिरर'ने, म्हणजे कामगारवर्गाच्या पत्राने, आपली होडी मांडली. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. (पुन्हा अकरा शिलिंग! हा निव्वळ योगायोग. त्यात अर्थ शोधू नये.) रचना जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल यांची. त्या पैशात हाती येत ते प्लायवूडचे कापलेले तुकडे. गोधडीला घालावेत तसे त्यांना तांब्याच्या तारेचे टाके घालायचे, सांध्यांवर काचतंतूची पट्टी आणि राळ चढवायची, की घरच्या गॅरेजात अकरा फुटांहून किंचित कमी लांबीची होडी उभी राही. डोलकाठी आखूड, म्हणून सारा संच होडीतच मावे आणि होडी मोटारीच्या टपावर. शिडे लाल, वृत्तपत्राच्या रंगाची. आर्थर रॅन्समच्या 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' (१९३०) मधील मुलांना होडी सुट्टीच्या मुक्कामाबरोबर आपसूक मिळते. इथे ती आधी शिवावी लागे. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या तयार झाल्या. विकत घेणाऱ्याला कारागीर बनवणारी दुसरी वस्तू त्या बाजारात असेल असे वाटत नाही.

होडी अशी खाली उतरली. पोशाखाने मात्र वेगळी वाट धरली. त्याच १९६३ साली मँचेस्टरमध्ये हेन्री-लॉइड ही कंपनी निघाली. तेलकट सुताची जागा नायलॉनने घेतली. १९६६-६७ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फ्रान्सिस चिचेस्टरने तिचे कपडे वापरले. चिचेस्टरला त्यांची गरज होती, हे उघडच आहे. पुढे १९८० च्या दशकात इटलीतील 'पानिनारो' तरुणांनी तीच जाकिटे मिलानच्या रस्त्यांवर मिरवली. मिलानला समुद्र नाही.