खालिद लगून : काठच्या रहिवाशांनी पाण्याची राखण कशी करावी

शारजातील अल मजाजच्या काठी पसरलेले खालिद लगून हे गोड्या पाण्याचे तळे नव्हे. ते समुद्राशी जोडलेले खारे सरोवर आहे. काठच्या रस्त्याच्या नावातील 'बुहैरा' या अरबी शब्दाचा अर्थही सरोवर असाच. सुमारे १ किलोमीटर लांबीचा अल कसबा कालवा त्याला अल खान लगूनशी जोडतो.

सांडपाणी, खते व साबण यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस आले की शेवाळ फोफावते. ते मेल्यावर कुजते आणि जीवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात. उष्ण, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. म्हणून आखाती उन्हाळ्यात धोका वाढतो.

काय मोजावे : तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू आणि पारदर्शकता. शेवटच्या मोजणीसाठी आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरलेली तबकडी आजही पुरते.

केव्हा मोजावे : शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री केवळ वापरते. त्यामुळे दुपारचा आकडा फसवा दिलासा देतो; खरी स्थिती पहाटे कळते. प्राणवायू लीटरमागे २ मिलिग्रॅमखाली गेल्यास मासळी तग धरत नाही. जागा व वेळ ठरावीक ठेवून भरती-ओहोटीही नोंदवावी. नमुने घेण्यापूर्वी नगरपालिकेस विचारावे.

मुंबईचा पवई तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला; पुढे ते पाणी पिण्यायोग्य उरले नाही आणि जलपर्णीने तलाव ग्रासला. नियमित नोंदी हाती असल्या, तर दुर्गंधी सुटण्याआधीच तक्रार करता येते.