लिनक्स सर्व्हरवर लॉगिन होत नाहीये? आधी एरर नीट वाचा

प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री, कर्वेनगरमधल्या रूमवर बसून मी माझ्याच भाड्याच्या लिनक्स सर्व्हरच्या बाहेर अडकलो होतो. मोबाइलवरच्या टर्मक्स ॲपमधून चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा एकच उत्तर: 'परमिशन डिनाइड'. सगळा कोड आत आणि मी बाहेर!

एसएसएच म्हणजे काय?
दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची ही पद्धत. फिनलंडमधल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू यलोनेन यांनी 1995 मध्ये ती बनवली. आपल्या पुण्यात आयसरमधल्या 'परम ब्रह्म' या सुपरकॉम्प्युटरवरही संशोधक एसएसएचनेच लॉगिन करतात.

कोणता एरर काय सांगतो?

1. कनेक्शन टाइम्ड आउट: तुमची हाक सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये, किंवा फायरवॉल ती गुपचूप गिळतोय. आयपी ॲड्रेस तपासा. तो 192.168 ने सुरू होत असेल तर बाहेरून चालणारच नाही, त्याच वायफायवर असावं लागतं. कधीकधी कॉलेजच्या वायफायवर पोर्ट 22 बंद असतो. मोबाइल डेटावर एकदा करून बघा.

2. कनेक्शन रिफ्यूज्ड: बहुतेक वेळा मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर दार उघडायला कोणी नाही. एसएसएच सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट बदललाय. वारंवार चुकीचा पासवर्ड टाकला असेल तर फेल टू बॅनने तुम्हाला अडवलेलं असू शकतं. थोडा वेळ थांबा.

3. परमिशन डिनाइड: दारापर्यंत पोचलात, पण ओळख पटली नाही. आधी युजरनेम बघा. लिनक्समध्ये लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरतात. कंसात फक्त 'पब्लिक की' लिहिलेलं असेल तर पासवर्ड चालणार नाही, कीच लागेल.

4. होस्टची ओळख बदलली: सर्व्हर नुकताच पुन्हा इन्स्टॉल केला असेल तर जुनी नोंद काढून टाका. तसं काही केलं नसेल तर तिथेच थांबा, पासवर्ड टाकू नका.

माझं काय चुकलं होतं?
वेबसाइट दिसेना म्हणून मी वैतागून होम फोल्डरला 777 परमिशन दिली होती. म्हणजे कोणीही त्यात लिहू शकतं! असं दिसलं की एसएसएच तुमची की मानतच नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या पॅनेलमध्ये ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल होता, त्यातून आत गेलो. ऑथ लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स'. मग होम फोल्डरला 755, एसएसएच फोल्डरला 700 आणि ऑथराइज्ड कीज फाइलला 600 दिलं. लगेच लॉगिन झालं.

कन्सोलवरूनही आत जाता येत नसेल तर अकाउंट लॉक झालंय का, त्याची मुदत संपलीय का आणि डिस्क भरलीय का, हे ॲडमिनला तपासायला सांगा.

एक सवय लावून घ्या
एसएसएचच्या सेटिंगला हात लावताना चालू असलेली विंडो बंद करू नका. दुसऱ्या विंडोतून लॉगिन होतंय याची खात्री करा, मगच पहिली बंद करा. त्या रात्री मी एवढं केलं असतं, तर निवांत झोपलो असतो!